अ‍ॅन्सन डोरन्स यांच्या पंचेचाळीस वर्षांचे मोजमाप

अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या महिला फुटबॉल संघाचे प्रशिक्षक अ‍ॅन्सन डोरन्स यांनी ऑगस्ट २०२४ मध्ये, नवा हंगाम अवघ्या काही दिवसांवर आलेला असताना, वयाच्या ७३ व्या वर्षी निवृत्ती जाहीर केली. १९७९ मध्ये विद्यापीठाने हा संघ सुरू केला तेव्हापासून त्या पदावर दुसरे कोणी आलेलेच नव्हते. त्यानंतर चारच महिन्यांनी, त्यांचे सहप्रशिक्षक डेमन नाहास यांच्या हंगामी नेतृत्वाखाली याच संघाने अंतिम सामन्यात वेक फॉरेस्ट विद्यापीठाला १-० असे हरवून राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. स्वतः डोरन्स यांच्या हाती ते २०१२ नंतर एकदाही लागले नव्हते. या दोन घटना पाठोपाठ घडल्यामुळे त्यांच्या कारकिर्दीविषयीचा जुना वाद पुन्हा उफाळून आला. एका बाजूचे म्हणणे असे की एनसीएए या अमेरिकी महाविद्यालयीन क्रीडासंघटनेच्या स्पर्धेची २१ विजेतेपदे, त्याआधीचे १९८१ चे एक आणि ९०० हून अधिक सामन्यांतले विजय एवढा हिशोब समोर असताना चर्चेला जागाच उरत नाही. दुसरी बाजू म्हणते की यांतली बहुतेक विजेतेपदे प्रतिस्पर्धी नावालाच होते त्या काळातली आहेत, आणि २०२४ च्या डिसेंबरमधल्या विजयाने हेच सिद्ध केले की हा माणूस दहा-बारा वर्षे उगाच खुर्चीला चिकटून बसला होता.

दोन्ही बाजू तावातावाने भांडतात, पण दोघींच्या हातात मोजपट्टी एकच आहे. एक बाजू करंडक मोजते आणि भारावून जाते, दुसरी तेच करंडक मोजते आणि त्यांतले निम्मे वजा करते. माझे म्हणणे असे की महाविद्यालयीन प्रशिक्षकाच्या दीर्घ कारकिर्दीला ही मोजपट्टी लावणेच चूक आहे. अठरा ते बावीस वर्षांच्या विद्यार्थिनी चार वर्षांसाठी त्याच्या स्वाधीन केलेल्या असतात. तेव्हा त्याने त्यांना काय करण्याची मोकळीक दिली आणि त्याच्या कामामुळे त्याच्याबाहेरचा खेळ किती वाढला, हे आधी पाहिले पाहिजे. मग असे विचारले पाहिजे की वर्षानुवर्षे त्याच्या हाती साठत गेलेल्या अधिकारावर संस्थेने लक्ष ठेवले की नाही. पहिल्या दोन प्रश्नांच्या उत्तरात डोरन्स फार मोठे ठरतात, त्यांच्या चाहत्यांना वाटते त्याहूनही मोठे. शेवटच्या प्रश्नावर त्यांचे विद्यापीठ उघडउघड कमी पडले, आणि त्या अपयशातला स्वतःचा वाटा डोरन्स यांनाही टाळता येत नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. त्यांतली एक पुढे करून दुसरी झाकता येत नाही.

या माणसाचा जन्म १९५१ साली मुंबईत झाला. वडील तेल कंपनीत अधिकारी असल्यामुळे बालपण भारत, केनिया, इथिओपिया, सिंगापूर असे देशोदेशी गेले. जन्मगावाच्या या नोंदीवरून आपण अभिमानाने छाती फुगवावी असे काही नाही, कारण त्यांना ना कूपरेजच्या मैदानाने घडवले ना आपल्या एखाद्या महाविद्यालयाने. पुढे ते चॅपल हिलला नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात खेळले, इंग्रजी आणि तत्त्वज्ञान हे विषय घेऊन १९७४ मध्ये पदवीधर झाले आणि कायद्याचे शिक्षण घेऊ लागले. १९७७ मध्ये त्यांच्याकडे विद्यापीठाच्या पुरुष संघाचे प्रशिक्षकपद आले. दोनच वर्षांनी, काही विद्यार्थिनी हौशी क्लब म्हणून खेळत होत्या त्यांनी विद्यापीठाच्या अधिकृत संघाचा दर्जा मागितला, आणि तो मिळाल्यावर तोही संघ त्यांच्याकडे सोपवण्यात आला. कायद्याची पदवी राहून गेली ती गेलीच. १९८८ पर्यंत ते दोन्ही संघ सांभाळत होते आणि १९८६ ते १९९४ या काळात त्यांच्याकडे अमेरिकेच्या राष्ट्रीय महिला संघाचीही धुरा होती. १९९१ च्या नोव्हेंबरमध्ये चीनमध्ये महिलांची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. संघ फक्त १२ होते आणि सामने ९० ऐवजी ८० मिनिटांचे ठेवले होते, जणू शेवटची दहा मिनिटे बायकांना झेपणार नव्हती. ग्वांगझूच्या अंतिम सामन्यात अमेरिकेने नॉर्वेला २-१ असे हरवले. त्या संघाच्या १८ जणींपैकी नऊ जणी नॉर्थ कॅरोलायनाच्या होत्या.

आता विरोधकांचा पहिला मुद्दा घेऊ, आणि तो पूर्ण ताकदीनिशी घेऊ. डोरन्स यांना मोकळे रान मिळाले होते, हे निर्विवाद आहे. शिक्षणसंस्थांमध्ये लिंगभेदाला मनाई करणारा ‘टायटल नाइन’ हा कायदा १९७२ मध्ये झाला, पण तो मैदानावर पोहोचायला वेळ लागला; १९७९ मध्ये महिलांचा अधिकृत फुटबॉल संघ असलेली विद्यापीठे मोजकीच होती. १९८२ च्या पहिल्या एनसीएए स्पर्धेत अवघे १२ संघ उतरले. आज पहिल्या श्रेणीतल्याच संघांची संख्या ३०० च्या पुढे आहे. पहिल्या १९ स्पर्धांपैकी, म्हणजे २००० पर्यंत, नॉर्थ कॅरोलायनाने १६ जिंकल्या, त्यांतल्या १९८६ ते १९९४ या नऊ तर ओळीने. त्यानंतरच्या २३ स्पर्धांपैकी डोरन्स यांच्या वाट्याला पाचच आल्या. ज्या काळात हा संघ सलग १०३ सामने अपराजित राहिला, सलग ९२ सामने जिंकत गेला, त्या काळात समोरचे संघ काय तोलाचे होते हे वेगळे सांगायला नको. आकडे स्पष्ट आहेत आणि ते नाकारण्यात अर्थ नाही.

पण हे आकडे नेमके काय सांगतात? मोकळे रान एकट्या नॉर्थ कॅरोलायनालाच मिळाले होते का? कायदा देशभरातल्या विद्यापीठांना सारखाच लागू होता. ज्यांच्याकडे पैसा, मैदाने आणि पुरुषांच्या खेळांची मोठी परंपरा होती अशी कितीतरी विद्यापीठे मुलींना संघ द्यावा की नाही यावर वर्षानुवर्षे खल करत बसली. शर्यतीत लवकर धावणाऱ्याला आघाडी मिळाली म्हणून दोष द्यायचा आणि जे जागचे हललेच नाहीत त्यांना काहीच विचारायचे नाही, हा कोणता न्याय? जरा अमेरिकेबाहेर पाहू. इंग्लंडमध्ये १९२० च्या नाताळात लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर महिलांचा सामना पाहायला ५० हजारांहून अधिक माणसे लोटली होती, आणि वर्षभराच्या आत, डिसेंबर १९२१ मध्ये, तिथल्या फुटबॉल संघटनेने आपल्या सदस्य क्लबांची मैदाने महिलांना बंद करून टाकली. ती बंदी जवळजवळ ५० वर्षे टिकली. पश्चिम जर्मनीत १९५५ ते १९७० अशी बंदी होती. फुटबॉलची पंढरी मानल्या जाणाऱ्या ब्राझीलमध्ये तर १९४१ च्या सरकारी हुकुमाने बायकांना हा खेळ वर्ज्य केला होता आणि ती मनाई उठली १९७९ मध्ये, म्हणजे डोरन्स यांनी चॅपल हिलचा महिला संघ हाती घेतला त्याच वर्षी. ज्या जगात फुटबॉलवेडे देश आपल्या मुलींना मैदानाबाहेर हाकलत होते, त्या जगात एका विद्यापीठाने मुलींना पूर्णवेळ गांभीर्याने शिकवले, याला केवळ सुदैव म्हणता येत नाही.

आणखी एक विसंगती मला फार खटकते. कॅलिफोर्नियातल्या यूसीएलए विद्यापीठाचे बास्केटबॉल प्रशिक्षक जॉन वुडन यांनी १९६४ ते १९७५ या १२ वर्षांत दहा राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली. त्यांतल्या बहुतेक वर्षी स्पर्धेत २५ च्या आसपासच संघ असत. आज ६८ असतात. तरी वुडन यांचे नाव निघाले की कोणी स्पर्धा लहान होती म्हणून त्यांची विजेतेपदे वजा करत नाही. मग हा वजाबाकीचा उत्साह महिलांच्या खेळाच्या वेळीच का येतो? मुलींचे संघ कमी होते हा मुलींचा दोष नव्हता, आणि जे संघ होते त्यांच्या घामाची किंमत त्यामुळे कमी होत नाही.

खरे तर घटत गेलेली विजेतेपदे हाच डोरन्स यांच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा आहे, आणि त्यांचे समर्थक नेमका तोच लपवू पाहतात. एका संघाला हरवायचे म्हणून इतरांना खर्च करावा लागला, पूर्णवेळ प्रशिक्षक नेमावे लागले, शिष्यवृत्त्या द्याव्या लागल्या. १९९५ मध्ये नॉत्र दामने त्यांना उपांत्य फेरीतच गाठले. १९९८ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठाने अंतिम सामन्यात १-० ने हरवले. त्या संघाला सुरू होऊन जेमतेम चार हंगाम झाले होते आणि त्याच्या प्रशिक्षक बेकी बर्ले या एक तरुण बाई होत्या. पुढे सांता क्लारा, पोर्टलंड, स्टॅनफर्ड, यूसीएलए, फ्लोरिडा स्टेट अशी विजेत्यांची यादी वाढतच गेली. फ्लोरिडा स्टेटने २०१४ ते २०२३ या दहा हंगामांत चार विजेतेपदे मिळवली. ज्या खेळात एकच संघ कायम जिंकतो तो खेळ अजून बाल्यावस्थेत असतो. डोरन्स यांच्या डोळ्यांदेखत तो वयात आला आणि त्याला वयात आणणाऱ्यांत तेच आघाडीवर होते. शिवाय उतरत्या काळातही ते नुसते बसून नव्हते. २०१८, २०१९ आणि २०२२ मध्ये त्यांचा संघ अंतिम फेरीत पोहोचला. २०२२ मध्ये यूसीएलएविरुद्ध २-० अशी आघाडी घेऊन, शेवटची १६ सेकंद उरली असताना बरोबरीचा गोल खाऊन, जादा वेळेत ते ३-२ असे हरले. खुर्ची उबवणाऱ्याचा संघ इथवर येत नाही. २०२४ चे विजेतेपद ज्या खेळाडूंनी आणि ज्या सहप्रशिक्षकाने मिळवले ते त्यांच्याच हाताखाली तयार झालेले होते.

विजेतेपदांपेक्षा त्यांच्या सरावाकडे पाहिले तर त्यांचे मोठेपण अधिक नीट कळते. त्याच विद्यापीठात डीन स्मिथ हे बास्केटबॉलचे नामवंत प्रशिक्षक होते आणि त्यांच्या सरावात प्रत्येक चाल, प्रत्येक फेक कागदावर नोंदली जाई. डोरन्स यांनी ते पाहिले आणि फुटबॉलच्या मैदानावर आणले. मैदानात मुलींच्या जोड्या पाडायच्या. एकीने चेंडू घेऊन दुसरीला चकवायचे, दुसरीने तो हिसकावायचा. बाजूला उभी असलेली संघाची व्यवस्थापक विद्यार्थिनी कोण जिंकले ते लगेच टिपून घेते. मग जोड्या बदलतात. हवेतून आलेला चेंडू डोक्याने कोणी घेतला, ठरलेले अंतर कोणी किती सेकंदांत कापले, गोलवर मारलेले किती फटके आत गेले, पाच-पाच जणींच्या छोट्या सामन्यांत कोणती मुलगी ज्या बाजूला असते ती बाजू जास्त वेळा जिंकते, हे सगळे हंगामभर नोंदले जाते. त्यावरून पहिल्या क्रमांकापासून शेवटच्या क्रमांकापर्यंत यादी तयार होते आणि ती सर्वांना दिसेल अशी लावली जाते. या पद्धतीला त्यांनी स्पर्धेची कढई अशा अर्थाचे नाव दिले होते आणि पुढे अनेक प्रशिक्षकांनी ती उचलली.

या यादीवर घेतला जाणारा आक्षेप हलका नाही. अठरा वर्षांची मुलगी घर सोडून आलेली असते, शाळेत ती सर्वांत उत्तम खेळाडू असते, आणि इथे पहिल्याच महिन्यात भिंतीवरच्या यादीत तिचे नाव तळाशी दिसते. तिच्या मनावर त्याचा काय परिणाम होत असेल? ज्या वयात आत्मविश्वास आधीच डळमळीत असतो त्या वयात रोज चारचौघांत क्रमांक लावणे ही क्रूरता नाही का? चॅपल हिलपासून जवळच असलेल्या कॅरी गावात आज अनेक मराठी कुटुंबे राहतात. शनिवारी-रविवारी मुलींना क्लबच्या सामन्यांना घेऊन जाणाऱ्या आई-वडिलांना हा प्रश्न पुस्तकी वाटणार नाही. काही मुलींना ही पद्धत मानवली नाही हे उघड आहे, आणि जी मानवत नाही तिचा दोष नेहमी मुलीच्याच माथी मारणे अन्यायाचे आहे.

तरीही मी या यादीच्या बाजूने आहे. प्रशिक्षक क्रमांक लावत नाही तेव्हाही क्रमांक असतातच. फक्त ते त्याच्या डोक्यात असतात. कोणाला खेळवायचे आणि कोणाला बाकावर बसवायचे हे तो कधी ना कधी ठरवतोच, आणि नोंद नसली की त्या निर्णयात मर्जी, ओळख, रंगरूप, गोड बोलणे असे सगळे शिरते. भिंतीवर लावलेल्या यादीशी भांडता येते. माझे नाव बाराव्या क्रमांकावर का, असे विचारता येते आणि त्याचे उत्तर आकड्यांत मिळते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे या यादीने मुलींना एक गोष्ट उघडपणे करण्याची मुभा दिली, ती म्हणजे जिंकण्याची इच्छा धरण्याची. मैत्रिणीला सरावात हरवले तर मैत्री तुटेल, पुढे जाण्याची हाव बाईमाणसाला शोभत नाही, हे मुलींच्या अंगी लहानपणापासून मुरवले जाते. अमेरिकेत तसेच आपल्याकडेही. चॅपल हिलच्या मैदानावर हरवणे हे कामच होते, त्यासाठी माफी मागावी लागत नव्हती, आणि सराव संपल्यावर त्याच मैत्रिणीबरोबर जेवायला जाता येत होते. १९८९ मध्ये इथे आलेली मिया हॅम पुढे देशासाठी १५८ गोल करून निवृत्त झाली आणि क्रिस्टीन लिली ३५० हून अधिक आंतरराष्ट्रीय सामने खेळली, त्यामागे त्यांची स्वतःची प्रतिभा होतीच. पण ती प्रतिभा दडपून ठेवू नका असे सांगणारे ठिकाण त्यांना मिळाले होते.

इथे डोरन्स यांच्याच बोलण्यातला एक दोष दाखवणे भाग आहे. दोन्ही संघ शिकवल्यामुळे पुरुष असे असतात, स्त्रिया तशा असतात, अशी सरसकट विधाने ते आयुष्यभर करत आले: पुरुषांना दटावून चालते, स्त्रियांना जिव्हाळ्याने जिंकावे लागते, अशा धाटणीची. त्यांचे चाहते ही विधाने सुविचारांसारखी वापरतात. मला ती पटत नाहीत, आणि ती न पटण्याचे कारण त्यांच्याच सरावात आहे. स्त्रीचा स्वभावच स्पर्धेला नाखूश असता तर ही कढई एका हंगामात थंड झाली असती. ती पंचेचाळीस वर्षे तापत राहिली, म्हणजे आड येत होते ते संस्कार, स्वभाव नव्हे. प्रशिक्षक म्हणून त्यांनी जे केले ते वक्ता म्हणून त्यांनी जे सांगितले त्यापेक्षा कितीतरी शहाणपणाचे होते.

आता सर्वांत कठीण भाग. जिव्हाळ्याने जिंकायचे म्हणजे प्रशिक्षक आणि खेळाडू यांच्यातले अंतर कमी करायचे, आणि नेमके तिथेच या कारकिर्दीवरचा सर्वांत गंभीर आरोप उभा राहतो. १९९८ मध्ये दोन माजी खेळाडूंनी डोरन्स आणि विद्यापीठ यांच्यावर लैंगिक छळाचा खटला भरला. संघातल्या मुलींच्या खासगी आणि लैंगिक आयुष्याविषयी प्रशिक्षक विचारणा करत, शेरे मारत, असे त्यांचे म्हणणे होते. डोरन्स यांनी छळाचा आरोप कायम नाकारला. एका खेळाडूशी २००४ मध्ये तडजोड झाली. दुसरीचा दावा आधी फेटाळला गेला, पण २००७ मध्ये चौथ्या विभागाच्या संघीय अपील न्यायालयाच्या पूर्ण पीठाने तो ज्युरीपुढे चालायला हवा असा निर्णय दिला. जानेवारी २००८ मध्ये विद्यापीठाने ३,८५,००० डॉलर देऊन तडजोड केली आणि अशा गप्पांमध्ये सहभागी झाल्याबद्दल डोरन्स यांनी लेखी माफी मागितली. खटला चाललाच नाही, त्यामुळे छळ झाला किंवा झाला नाही असा निवाडा कोणीच दिलेला नाही, आणि तो देण्याचा अधिकार मला किंवा वाचकांनाही नाही. पण वीस-एक वर्षांच्या विद्यार्थिनींच्या खासगी आयुष्याच्या गप्पांत त्यांच्या प्रशिक्षकाने सहभागी व्हायचे नसते, एवढे तरी त्या माफीपत्रावरून निर्विवाद ठरते. ज्याच्या हातात शिष्यवृत्ती, संघातली जागा आणि काही काळ राष्ट्रीय संघाचे दारही होते, अशा माणसासमोर त्या गप्पा नकोत असे कोणती मुलगी म्हणू शकली असती?

त्या खटल्यातला एक तपशील मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तक्रारदार खेळाडूच्या म्हणण्यानुसार तिने १९९६ मध्येच विद्यापीठाच्या कायदेविषयक वरिष्ठ अधिकाऱ्याकडे जाऊन हे सांगितले होते, आणि तिला प्रशिक्षक फार चांगला माणूस आहे, त्याच्याशीच बोलून मिटव, असा सल्ला मिळाला. हे खरे असेल तर दोष कोणा एका माणसाच्या जिभेपुरता राहत नाही. तोवर नॉर्थ कॅरोलायनाकडे एनसीएएची १२ विजेतेपदे जमा झाली होती आणि एका विश्वविजेत्या संघाचा प्रशिक्षक त्यांच्या पदरी होता. सगळ्या मैदानावर सगळ्यांचे सगळे मोजले जात होते. फक्त मोजणाऱ्याचे वागणे मोजायला कोणी नव्हते.

इथे विरोधक पेन स्टेट विद्यापीठाचे उदाहरण देतात. अमेरिकन फुटबॉलचे प्रशिक्षक जो पॅटर्नो १९६६ पासून ४६ हंगाम तिथे मुख्य पदावर होते. त्यांच्या एका जुन्या सहायकाचे लहान मुलांविरुद्धचे गुन्हे उघड झाल्यावर नोव्हेंबर २०११ मध्ये त्यांना काढण्यात आले. दोन्ही प्रकरणे एका पारड्यात टाकणे अन्यायाचे होईल. गुन्ह्यांचे स्वरूप आणि गांभीर्य यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. तरी संस्थेचे वागणे मात्र ओळखीचे वाटते: यश मिळवून देणाऱ्या माणसाबद्दलचा प्रश्न जिथे विचारायला हवा तिथे विचारला जात नाही. यावरून विरोधक असा निष्कर्ष काढतात की कोणाही प्रशिक्षकाला दहा वर्षांपेक्षा जास्त काळ एका जागी राहू देऊ नये. युक्तिवाद वरवर बिनतोड दिसतो.

पण तो टिकत नाही. टेनेसी विद्यापीठाच्या पॅट समिट यांनी १९७४ ते २०१२ अशी ३८ वर्षे एकाच महिला बास्केटबॉल संघाला शिकवले, १,०९८ सामने आणि आठ विजेतेपदे जिंकली, आणि पात्रतेची पूर्ण वर्षे तिथे खेळलेल्या त्यांच्या प्रत्येक खेळाडूने पदवी मिळवली. दहाव्या वर्षी त्यांना घरी पाठवून कोणाचे भले झाले असते? उलट छोट्या कारकिर्दी सुरक्षित असतात हा समज अमेरिकेच्या व्यावसायिक महिला फुटबॉल लीगने खोटा ठरवला आहे. २०२१ मध्ये तिथल्या प्रशिक्षकांच्या गैरवर्तनाची प्रकरणे एकामागून एक बाहेर आली. राष्ट्रीय फुटबॉल महासंघाने माजी प्रभारी महान्यायवादी सॅली येट्स यांच्याकडे चौकशी सोपवली आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या त्यांच्या अहवालाने दाखवले की तक्रारी झालेले प्रशिक्षक एका क्लबातून गाजावाजा न करता निघत आणि दुसऱ्या क्लबात नव्या उमेदीने रुजू होत. सतत बदलीवर असलेल्या माणसाची पाटी दर वेळी कोरी होते. एका जागी ४५ वर्षे राहिलेल्याचा निदान इतिहास तरी तिथेच असतो, तो वाचायची कोणाची तयारी असेल तर. वर्षे कमी केल्याने देखरेख आपोआप वाढत नाही.

ती चौकशी झाली तेव्हा महासंघाच्या अध्यक्षपदी सिंडी पार्लो कोन होत्या, चॅपल हिलला डोरन्स यांच्याच संघातून खेळलेल्या. महिला आणि पुरुष राष्ट्रीय संघांना समान मानधन देणारा २०२२ चा करारही त्यांच्याच कारकिर्दीत झाला. १९९१ च्या विश्वविजेत्या संघाच्या कर्णधार एप्रिल हाइनरिक्स याही डोरन्स यांच्याच विद्यार्थिनी. २००० मध्ये त्या राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षक झाल्या आणि २००४ चे ऑलिम्पिक सुवर्ण त्यांच्या काळात आले. मैदानावर जिंकायला शिकलेल्या मुली पुढे कार्यालयातही खुर्चीवर बसल्या, हा डोरन्स यांच्या कामाचा परिणाम मला कोणत्याही करंडकापेक्षा मोठा वाटतो. आणि तरीही इथेच एक सल राहते. टायटल नाइनच्या आधी अमेरिकेत महिला संघांचे ९० टक्क्यांहून अधिक प्रशिक्षक स्त्रिया होत्या. कायद्यामुळे त्या पदांना पैसा आणि प्रतिष्ठा मिळाली तशी ती पुरुषांकडे जाऊ लागली आणि स्त्रियांचे प्रमाण निम्म्याच्या खाली आले. नॉर्थ कॅरोलायनाच्या महिला संघाच्या मुख्य प्रशिक्षकपदावर आजवर एकही स्त्री आलेली नाही. नाहास यांची पात्रता त्यांनी सिद्ध केली आहे आणि त्यांच्याविषयी माझी काही तक्रार नाही. पण ज्या कारखान्यातून राष्ट्रीय प्रशिक्षक आणि महासंघाच्या अध्यक्ष घडल्या, त्याच कारखान्यात उत्तराधिकारी म्हणून वर्षानुवर्षे एखादी स्त्री तयार केली गेली नाही, आणि प्रमुखाने हंगामाच्या उंबरठ्यावर पद सोडल्यामुळे खुल्या शोधाला वेळही उरला नाही, याची जबाबदारी डोरन्स आणि विद्यापीठ या दोघांवर येते.

२०१९ पासून चॅपल हिलचा संघ ज्या मैदानावर खेळतो त्याला डोरन्स यांचे नाव आहे. ते काढून टाका अशी मागणी करणाऱ्यांशी मी सहमत नाही आणि त्या नावापुढे सगळे प्रश्न गिळून टाका म्हणणाऱ्यांशीही नाही. नाव राहू द्यावे, नाहास यांनाही हवी तेवढी वर्षे मिळावीत. फक्त त्या प्रत्येक वर्षी, संघ जिंको अथवा हरो, प्रत्येक खेळाडूला एकटीला भेटून तिचे म्हणणे ऐकणारी एक व्यक्ती विद्यापीठाने नेमावी. ती क्रीडा विभागाच्या पगारावर नसावी, प्रशिक्षकाला तिच्या नोंदी पाहता येऊ नयेत आणि तिचा अहवाल थेट विद्यापीठाच्या प्रमुखाकडे जावा. पुरुषांच्या संघांनाही हीच व्यवस्था लागू असावी, आणि ती सुरू करण्यासाठी पुढच्या खटल्याची वाट पाहू नये.